घरचं रॉकेट वावरात: चाचण्या, मोजमाप आणि पाणी की बारूद हा प्रश्न

पांदणरस्ता (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दुसऱ्या एका धाग्यावर मी पाण्याच्या रॉकेटचा फोटो टाकला होता, तिथं "जरा सविस्तर लिहा" अशी मागणी आली. आमच्या आर्वी तालुक्यात सध्या चणा सोंगून झाला आहे, वावरं खाली आहेत आणि सकाळी आठपर्यंत वारा पडलेला असतो. चाचण्यांना याहून चांगले दिवस नाहीत. एप्रिल-मेमध्ये वावटळी सुरू होतात आणि मृगाच्या आधी वखरपाळी आली की वावर आपल्याला मिळत नाही.

रॉकेट म्हटलं की आग आणि धूर डोळ्यांपुढे येतो. मी लिहितोय त्यात आग नाही. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी आणि उरलेल्या जागेत सायकलच्या पंपाने दाबलेली हवा. बाटली उलटी, तोंड खाली. पकड सुटली की हवा पाण्याला खाली फेकते आणि पाणी बाटलीला वर. स्थिरता, वजनाचा मध्य, वाऱ्याचा परिणाम, पॅराशूट कधी उघडावं, उंची कशी मोजावी, हे श्रीहरिकोट्याला पडणारे प्रश्न इथेही पडतात. माझं सांगणं एवढंच आहे की हा छंद करायचा तर चाचणी म्हणून करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, वही ठेवा आणि उडवायच्या आधी जमिनीवर जे तपासता येतं ते सगळं तपासून घ्या.

बाटलीपासून सुरुवात करतो. फक्त गॅसच्या पेयाची बाटली घ्यायची, कारण ती दाब सहन करायलाच बनवलेली असते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. बाटलीवर ओरखडे, चिमटा, पांढरी पडलेली रेघ दिसली की ती बाद. उन्हात टिनावर पडून राहिलेलीही बाद. हे प्लास्टिक पंचाहत्तर अंशांच्या आसपास नरम पडतं आणि आपल्या मे महिन्यात टिनाखाली, बंद गाडीत ते त्या दिशेनं बरंच पुढे गेलेलं असतं.

नवी बाटली आधी पाण्यानेच तपासायची. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी सुरक्षितता इथं आहे. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, आणि मग पंपाने दाब द्यायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ताकद साठत नाही. बाटली फुटलीच तर थोडं पाणी सांडतं. तीच बाटली हवेने भरून फुटली तर तुकडे अंगावर येतात. उडवताना चार किलो दाब देणार असाल तर पाण्याच्या चाचणीत सहा किलो देऊन पाच मिनिटं ठेवा. त्यातून जी पास होईल तिच्यावर मार्करने तारीख टाका.

किलो म्हणजे दाब मोजायचं आपलं रोजचं माप, ड्रिपच्या फिल्टरवर गेज असतो त्यावर लिहिलेलं, चौरस सेंटिमीटरला एवढे किलो. पंक्चरवाल्याकडचा गेज पीएसआयमध्ये असतो. एक किलो म्हणजे साधारण चौदा पीएसआय. आम्ही चार किलोच्या वर जात नाही. जायची गरजही पडत नाही.

लाँचरला शेतीचा वीस मिलिमीटरचा पाइप बाटलीच्या तोंडात ढिला बसतो. नळजोडणीचा अर्धा इंची यूपीव्हीसी घ्या, त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो आणि बाटलीच्या गळ्यात तो अलगद सरकतो. त्यावर एक ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं. गळ्याच्या कडेला गच्च पकडायला पाइपभोवती केबल टायची डोकी उभी बांधायची आणि त्यांच्यावर जाड पाइपाचा एक तुकडा कॉलरसारखा चढवायचा. दोरीने कॉलर खाली ओढला की डोकी मोकळी होतात आणि बाटली सुटते. दोरी निदान दहा मीटर हवी. प्लास्टिकच्या पाइपात दाबाची हवा भरणं जपूनच करायचं काम आहे, म्हणून जमिनीवरचा आडवा पाइप मातीत गाडतो आणि वरून ओलं पोतं टाकतो.

पंखे (रॉकेट सरळ राहावं म्हणून मागे चिकटवतात त्या पट्ट्या), नाक, पॅराशूट याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. आधी प्रश्न येऊ द्या.

वऱ्हाडी_कास्तकार

भाऊ, फोटो झकास हाय. पण पाण्यानं असं किती उडन? लग्नात पोट्टे बाटलीत काहीबाही करून उडोतेत, ते तं छपरापर्यंतबी जात नाही.

पांदणरस्ता

भाऊ, हिशोबच मांडतो. बाटलीच्या तोंडाचं आतलं क्षेत्र पावणेचार चौरस सेंटिमीटरच्या जवळ येतं. दाब चार किलो. बाहेर पडणाऱ्या धारेचा रेटा म्हणजे दाब गुणिले क्षेत्र आणि त्याची दुप्पट. उत्तर येतं तीस किलोचं वजन पेलण्याएवढं. रिकामं रॉकेट दीडशे-दोनशे ग्रॅमचं, पाणी धरून आठशे ग्रॅमच्या आत. पाणी सुटतं सेकंदाला अठ्ठावीस मीटरने आणि सहाशे मिली पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपतं. बघणाऱ्याला मधलं काही दिसत नाही. बाटली लाँचरवर असते आणि मग वर असते. मोबाइलचा स्लो मोशन लावला तरच पाण्याची पांढरी शेपूट नीट दिसते.

आमच्याकडे चांगली सरळ गेलेली बाटली पन्नास मीटरच्या आसपास जाते. विजेच्या बऱ्याच टॉवरांपेक्षा उंच. म्हणूनच तारांच्या जवळपास उडवायचं नाही.

शाळेची_घंटा

सर, पन्नास मीटर हे कशावरून म्हणता? अंदाजाने की मोजून? विचारते कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते आणि मुलांना हे करून दाखवायचं मनात आहे. कोनावरून उंची काढायचं त्रिकोणमितीतलं गुणोत्तर, टॅन, नववीत येतं. सातवीच्या मुलाला उंची कशी काढून द्यायची?

पांदणरस्ता

ताई, मोजून. लाँचरपासून साठ मीटरवर एक मुलगा उभा करतो. त्याच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोनमापक, त्याच्या मध्यातून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडलेला. रॉकेट सगळ्यात उंच जागी क्षणभर थांबल्यासारखं होतं, तेव्हा पुठ्ठ्याची कड त्याच्यावर धरायची आणि दोरा बोटाने दाबून ठेवायचा. कोन चाळीस अंश आला तर टॅन ०.८४, साठ गुणिले ०.८४ म्हणजे पन्नास मीटर. त्यात मुलाच्या डोळ्यांची उंची मिळवायची.

सातवीसाठी टॅन लागतच नाही. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर धरा, बारा सेंटिमीटरची आडवी रेघ मारा, एका टोकाला चाळीस अंशाचा कोन काढा, दुसऱ्या टोकाला उभी रेघ. दोन्ही जिथे भेटतात तिथपर्यंतची उभी रेघ पट्टीने मोजा. दहा सेंटिमीटरच्या थोडं वर येते, म्हणजे पन्नास मीटरच्या थोडं वर. टॅन म्हणजे काय हे त्या मुलाला नववीत कुणी सांगण्याआधीच कळलेलं असेल.

एक सांभाळा. रॉकेट सरळ वर न जाता बघणाऱ्याकडे झुकलं तर उंची जास्त भरते, पलीकडे झुकलं तर कमी. दोन मुलं समोरासमोर, दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटरवर उभी करा. दोघांच्या आकड्यांत फार फरक आला तर ते उड्डाण वहीत वेगळं लिहायचं, सरासरीत धरायचं नाही.

शाळेची_घंटा

आलेखाच्या कागदाचं फार आवडलं. शाळेच्या मैदानाला लागून रस्ता आहे, तिथं नाही करणार. गावाबाहेर आखरावर मोकळी जागा आहे, ढोरं चरायला गेल्यावर रिकामीच असते.

जुना_फिटर

दारूगोळ्याच्या कारखान्यात पूर्ण नोकरी केली, आता नागपूरजवळच्या गावी असतो. धागाकर्त्याने पाण्याने दाब तपासायचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. कारखान्यात टाकी, सिलिंडर, पाइप यांची हीच चाचणी घेतात, हायड्रो टेस्ट. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब ठेवायचा, तोही पाण्याने.

दोन गोष्टी जोडतो. चाचणी झालेली बाटलीही कायमची नसते. दर वेळी दाब दिला की ती किंचित ताणली जाते, म्हणून दोऱ्याने तिचा घेर मोजून लिहून ठेवा. घेर वाढला की ती निवृत्त. दुसरं, हवा भरताना बाटलीवर कुणीही वाकायचं नाही. दाब असताना गळती दिसली तर आधी दाब सोडायचा, मग हात लावायचा. लाँचरवर दाब सोडायला एक वेगळा कॉक बसवाच. पाचशे रुपयांचं सामान आहे म्हणून नियम ढिले होत नाहीत.

पांदणरस्ता

काका, कॉक बसवलेला आहे, ड्रिपचाच. लिहायचं राहिलं होतं, बरं झालं तुम्ही सांगितलं.

आता पंखे आणि नाक. पंख्यांशिवाय बाटली उडवली तर ती वर जाऊन लगेच कोलांट्या खाते. मुद्दाम उडवून मुलांना दाखवावी, कारण त्यानंतर पंखे कशाला हे समजवावं लागत नाही. नियम असा की रॉकेटच्या वजनाचा मध्य पुढे हवा आणि हवेचा रेटा जिथे एकवटतो ती जागा मागे, दोघांत निदान एका व्यासाएवढं अंतर. दोन लिटरच्या बाटलीचा व्यास अकरा सेंटिमीटर धरला तर तेवढं.

वजनाचा मध्य काढायला रिकामं रॉकेट बोटावर तोला. हवेच्या रेट्याची जागा काढायला रॉकेटची बाजूने दिसते तशी आकृती पुठ्ठ्यात कापा आणि तो पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोला. ही जागा खऱ्या जागेपेक्षा थोडी पुढे येते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूलाच होते. नेमकं गणित १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन यांनी छंदवाल्यांसाठी सोपं करून दिलं, पण पुठ्ठ्याने सुरुवात करायला हरकत नाही.

शेवटची परीक्षा दोऱ्याची. वजनाच्या मध्यावर दोरा बांधून रॉकेट डोक्यावरून गोल फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. मागे वळलं किंवा आडवं झालं तर नाकात वजन वाढवा किंवा पंखे मोठे करा. यात पास झालेलं रॉकेट आमच्या वावरात कधी आडवं गेलेलं नाही.

पंखे फ्लेक्सच्या जुन्या बोर्डाचे, आत पोकळ नळ्या असतात त्या प्लास्टिकच्या शीटचे. निवडणुकीनंतर गावात त्याला तोटा नसतो. नाकाला अर्धा कापलेला टेनिस बॉल. अणकुचीदार किंवा लोखंडी नाक अजिबात नको, कारण पॅराशूट न उघडता पन्नास मीटरवरून पडणारी वस्तू कुणाच्याही डोक्यावर येऊ शकते.

पॅराशूट टरबुजाच्या वाफ्यावर अंथरतात त्या मल्चिंग पेपरचं. पंचवीस मायक्रॉनचा कागद, साठ सेंटिमीटरचा गोल, वजन सात ग्रॅमच्या आत. दीडशे ग्रॅमचं रॉकेट त्यावर सेकंदाला साडेतीन मीटरने उतरतं. काळ्या मातीत अगदी अलगद. पण तेवढ्यात हलका वारा असला तरी ते चाळीस-पन्नास मीटर सरकतं. म्हणून सकाळी लवकर.

वाऱ्याचं आणखी एक. वर जाताना पंख्यांचं रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे वळतं आणि पॅराशूट उघडलं की वाऱ्यामागे जातं. लाँचर कुठे ठोकायचा ते हे धरून ठरवा.

नवा_उडाणटप्पू

मस्त धागा दादा. मी बारावीला आहे, दिग्रसकडचा. पण खरं सांगू का, पाण्याचं रॉकेट खेळणं वाटतं. व्हिडिओत लोक शोरा आणि साखर गरम करून इंधन बनवतात. शोरा तर मिळून जातो. कुणाला प्रमाण माहीत असेल तर सांगा, मी शेतात दूर जाऊन करीन.

जुना_फिटर

बाळा, प्रमाण इथं कुणी सांगणार नाही आणि तू ते कुठून मिळवूही नकोस. रागवत नाही, कारण सांगतो.

ज्यात जळणारं आणि त्याला प्राणवायू देणारं दोन्ही एकत्र मिसळलेलं असतं, त्याला विझवायला तुझ्याकडे काही नसतं. झाकलं तरी जळतं. मिश्रण गरम करत असताना पेटलं तर मागे सरकायला वेळ मिळत नाही. बंद नळीत भरलेलं इंधन आत भेग पडली किंवा बुडबुडा राहिला तर एकदम जास्त जागेवर जळतं आणि नळी फुटते. कारखान्यात अशा कामाला जाड भिंतींच्या वेगळ्या खोल्या असतात, एका खोलीत किती माणसं आणि किती माल हे ठरलेलं असतं, कपडे सुती, चपलेला खिळा नाही. इतकं करूनही अपघात होतात. पुलगावच्या दारूगोळा आगारात ३१ मे २०१६ ला आग लागली, ती आपल्या वर्धा जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही. तिथं काम करणारी माणसं शिकलेली होती.

कायद्याचं वेगळंच. स्फोटक कायदा १८८४ सालचा, त्याखालचे स्फोटक नियम २००८ चे. असं इंधन परवान्याशिवाय बनवणं आणि साठवणं गुन्ह्यात जातं. परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे. दूर शेतात केल्याने गुन्हा लहान होत नाही, उलट लागलं तर उचलून न्यायला जवळ कुणी नसतं.

संत्र्याचा_बगीचा

काकांशी पूर्ण सहमत. पण मुलाच्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे, तिला उत्तर द्यायला हवं. त्याला खरं रॉकेट शिकायचं आहे.

हा तिढा नवा नाही. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेत घरोघरी मुलं असंच इंधन मिसळू लागली आणि हात-डोळे गमावू लागली. त्याच्या थोडंच आधी नेब्रास्का या शेतीच्या मुलखातल्या ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या चपलांच्या दुकानदाराने कागदी नळीचं, तयार मोटर बदलता येईल असं लहान रॉकेट बनवलं होतं. जी. हॅरी स्टाइन या अभियंत्याने ते उचलून धरलं. कल्पना साधी होती: इंधन कारखान्यात बनेल, मुलगा फक्त रॉकेट बनवेल. मॉडेल रॉकेटचा छंद तिथून उभा राहिला. म्हणजे या छंदाचा जन्मच घरी इंधन बनवू नये यासाठी झाला.

त्या तयार मोटरींना अक्षरं असतात. ए म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकला तेवढा वेळ) अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत, डी वीसपर्यंत, प्रत्येक पायरीला दुप्पट. सी६-५ असं लिहिलं असेल तर सरासरी रेटा सहा न्यूटन आणि इंधन संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट. आता पांदणरस्ता यांच्या बाटलीचा हिशोब करा. सहाशे ग्रॅम पाणी, सुरुवातीला सेकंदाला अठ्ठावीस मीटर आणि नंतर कमी होत जाणारा वेग. एकूण आवेग दहाच्या वर जातो. ते खेळणं डी वर्गात बसतं, दिग्रसकर.

आपल्याकडे अशा मोटरी दुकानात सहजासहजी मिळत नाहीत आणि बाहेरून मागवणं म्हणजे स्फोटकांची आयात, तिलाही परवाना. पण रस्ता बंद नाही. इन-स्पेस (खासगी अंतराळ कामांना परवानगी देणारी सरकारी संस्था), इस्रो आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना-उपग्रह) स्पर्धा होते. २०२५ मध्ये त्यातली उड्डाणं उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात झाली. अभियांत्रिकीला गेलास की तुझा संघ तिथं जाऊ शकतो, आणि तेव्हा स्थिरता, पॅराशूट, नोंदी या गोष्टी तुला बाटलीमुळे आधीच येत असतील.

नवा_उडाणटप्पू

डी वर्गाचं माहीत नव्हतं. शोऱ्याचं सोडून देतो काका. मला उंची मोजायचं इलेक्ट्रॉनिक्स करायचं आहे, ते चालेल ना?

जुना_फिटर

चालेल काय, जरूर कर. आणि केल्यावर इथं लिही.

इरई_काठ

चंद्रपूर जिल्ह्यातून. उडाणटप्पू भाऊ, हवेचा दाब मोजणारी बीएमपी२८० नावाची नखाएवढी चकती मिळते, स्वस्त आहे. आपल्या भागाच्या उंचीवर दर नऊ मीटर वर गेलं की दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो. पन्नास मीटरला पाच-साडेपाच. चकती एवढा फरक आरामात पकडते. ती नाकात ठेवायची पण नाक हवाबंद करायचं नाही, बाजूने बारीक छिद्रं पाडायची, नाहीतर आतला दाब बदलणारच नाही. ऊन आणि वारा थेट चकतीवर पडू देऊ नका, आकडे उड्या मारतात. आणि कोनमापकवाला मुलगा तरी उभा ठेवाच, दोन पद्धती जुळल्या की खरं मोजमाप.

विषय रॉकेटचा आहे म्हणून आणखी एक. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आमच्याकडे आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीन मीटरच्या आसपास व्यासाचं धातूचं कडं पडलं. चिनी रॉकेटचा वरचा टप्पा होता असं अभ्यासकांनी नंतर सांगितलं. ते कडं पाहिलेल्या पोरांना रॉकेटबद्दल प्रश्न विचारायला शिकवावं लागत नाही. वर गेलेली वस्तू कुठे उतरणार याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, हे आमच्या गावकऱ्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळलं आहे. तुमच्या बाटलीलाही तेच लागू.

वऱ्हाडी_कास्तकार

हे शेवटचं बराबर बोलले. मले तेच इचारायचं होतं. उतरलं दुसऱ्याच्या वावरात तं? आमच्याकडं शेजाऱ्याचा गहू उभा हाय, त्यात पोट्टे घुसले तं भांडन लागन. अन ढोरं बिचकतेत. बंडीले जुपलेला बैल आवाजानं उधळला तं कोन जबाबदार?

पांदणरस्ता

अगदी रास्त प्रश्न, भाऊ. आम्ही काय करतो ते सांगतो.

आदल्या दिवशी धुऱ्याच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना सांगतो, पोलीस पाटलांनाही सांगतो. सकाळची ढोरं चरायला निघून गेल्याशिवाय हवा भरत नाही. पांदणीवरून बंडी येताना दिसली की थांबतो, दाब भरलेला असेल तर कॉकने सोडून देतो. उभ्या पिकात रॉकेट गेलं तर पोरं आत शिरत नाहीत. मालक येईपर्यंत ते तिथंच राहतं, मग त्यांच्या परवानगीने एकटा मोठा माणूस पिकाच्या दोन ओळींमधल्या तासातून जाऊन आणतो. सुरुवातीला गव्हाचे मालक नाराज होते. आता त्यांचा नातू कोनमापक धरतो.

पाण्याच्या रॉकेटचा फायदा इथंच दिसतो. मार्चमध्ये धुऱ्यावरचं गवत वाळलेलं, पऱ्हाट्यांचे ढीग लागलेले, गोठ्याशेजारी कुटाराचे ढीग. एक ठिणगी पुरते. आमच्या रॉकेटने जास्तीत जास्त माती ओली होते.

रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ ला द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं तेही एका नातेवाईक बाईंच्या शेतातच. अडीच सेकंद उडालं, साडेबारा मीटर उंच गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. मोजून लिहून ठेवलं म्हणून शंभर वर्षांनी आपल्याला हे आकडे माहीत आहेत. वहीचा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

शाळेची_घंटा

वहीत नेमकं काय काय लिहायचं? मुलांना रकाने आखून देते.

पांदणरस्ता

तारीख, वेळ, वारा कुठून, बाटलीचा नंबर, पाणी किती मिली, दाब किती, रिकामं वजन, दोन्ही कोन, पॅराशूट उघडलं का, कुठे उतरलं. शेवटी एक मोठा रकाना "काय दिसलं" म्हणून मोकळा ठेवा. मुलं त्यात जे लिहितात ते कधीकधी कोनापेक्षा कामाचं असतं. "शेपूट डावीकडे वाकली" असं एका पोरीने लिहिलं, म्हणून आम्ही पंखा तपासला, तर एक पंखा तिरपा चिकटलेला निघाला.

पहिला प्रयोग पाण्याच्या प्रमाणाचा द्या. दाब तीन किलोवर कायम ठेवून दोनशे, चारशे, सहाशे, आठशे आणि हजार मिली. प्रत्येक प्रमाणाला एकाहून जास्त उड्डाणं. आलेख काढला की मधे टेकडी येते. पाणी कमी असलं तर फेकायला वस्तुमान कमी, जास्त असलं तर दाबून ठेवायला हवाच कमी. टेकडीचा माथा कुठे येतो ते मुलांनाच सांगू द्या, आधी सांगू नका.

शाळेची_घंटा

लाँचर जोडून पाहिला. अडीच किलोच्या वर दाब टिकत नाही, ओ-रिंगमधून पाणी झिरपतं. पंपाच्या दुकानातून आणलेली रिंग आहे, पाइपवर घट्ट बसते.

जुना_फिटर

ताई, रिंग पाइपवर घट्ट असून उपयोग नाही, ती बाटलीच्या गळ्याला आतून दाबायला हवी. पाइपवर खाच आहे का? नसेल तर रिंग बाटलीबरोबर वर सरकत असणार. लेथवाल्याकडून पाइपला उथळ खाच पाडून घ्या, भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा खोल नको. खाचेत बसल्यावर रिंग पाइपच्या बाहेर केसभर उठलेली दिसली पाहिजे. बसवताना साबणाचं पाणी लावा. बाटलीच्या गळ्यात आतून कड राहिली असेल तर तीही बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर रिंग दुसऱ्याच दिवशी कापली जाईल.

शाळेची_घंटा

खाच नव्हती. उद्या बाजाराचा दिवस आहे, लेथवाल्याकडे पाइप देते.